मोटारवाल्या गव्हर्नरची गोष्ट



२००३ साली मी एमएस करायला डेट्रॉइटला आलो. एका सीनियर मुलाच्या खटारा गाडीतून कामावर जाताना प्लिमथ रोडवर एक जुनी, मनोऱ्याची इमारत लागायची. त्या काळी तिथं क्रायस्लरचं जीपचं इंजिनिअरिंग चालायचं. "ही इमारत मुळात कुणाची रे?" मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "केल्व्हिनेटरची." मला वाटलं, चेष्टा करतोय. केल्व्हिनेटर म्हणजे आमच्या सांगलीच्या घरातला फ्रिज! त्याच्यावर आई लोणच्याची बरणी ठेवायची आणि बाबा ओरडायचे.

पण ते खरं होतं. फ्रिज बनवणारी केल्व्हिनेटर १९३७ साली नॅश या मोटार कंपनीशी एक झाली. १९५४ मध्ये तिच्यात हडसन ही दुसरी मोटार कंपनी मिळाली आणि 'अमेरिकन मोटर्स' जन्माला आली. त्या कंपनीची सूत्रं सात-आठ वर्षं ज्या माणसाच्या हाती होती, त्याचं नाव जॉर्ज रॉम्नी. २०१२ साली ओबामांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढलेले मिट रॉम्नी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचे हे वडील. मोटार कंपनीचे प्रमुख, मग आपल्या मिशिगनचे गव्हर्नर, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आणि शेवटी केंद्रात मंत्री.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला शाळेत मिशिगनच्या एका गव्हर्नरवर प्रोजेक्ट करायचं होतं. तिनं रॉम्नी निवडले. तिला मदत करता करता मीच त्या माणसात अडकलो. का अडकलो, ते शेवटी सांगतो. त्यात माझी थोडी फजितीही आहे.

रॉम्नी यांचा जन्म ८ जुलै १९०७ चा, आणि तोही अमेरिकेतला नव्हे, मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या कोलोनिया दुब्लान नावाच्या वस्तीतला. घराणं मॉर्मन पंथाचं. बहुपत्नीत्वाविरुद्धचे अमेरिकेतले कायदे कडक झाले, तेव्हा आजोबांच्या पिढीतली काही मॉर्मन कुटुंबं सीमा ओलांडून मेक्सिकोत जाऊन राहिली होती. जॉर्जच्या वडिलांना मात्र एकच बायको होती, आणि आईवडील दोघंही अमेरिकन नागरिक होते. १९१२ साली मेक्सिकोतली क्रांती दारापर्यंत आली आणि या कुटुंबाला घरदार सोडून टेक्सासमधल्या एल पासोला पळावं लागलं. जॉर्ज तेव्हा पाच वर्षांचा होता. नंतर लॉस एंजेलिस, आयडाहो, युटा अशी भटकंती झाली. वडिलांचा बांधकामाचा धंदा कधी चाले, कधी बुडे. पोरगा भिंतींना गिलावा करायला हाताखाली असे. शाळेतली मुलं त्याला 'मेक्स' म्हणून चिडवत.

आपण सगळे इथं डिग्र्यांच्या भेंडोळ्या घेऊन आलो. या गृहस्थांनी दोन-तीन कॉलेजांत पाय ठेवला, पण डिग्री एकही घेतली नाही. १९२९ मध्ये वॉशिंग्टनला एका सिनेटरकडे लघुलेखक म्हणून लागले. मग अॅल्युमिनियमच्या बड्या कंपनीसाठी, अल्कोआसाठी, वॉशिंग्टनमध्येच काम केलं. १९३९ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेत नोकरी धरून डेट्रॉइटला आले. दुसऱ्या महायुद्धात इथल्या कारखान्यांनी मोटारी बंद करून रणगाडे, विमानं, इंजिनं बनवली. त्या कामात कंपन्यांची एकमेकांशी सांगड घालणाऱ्या मंडळाचं काम रॉम्नी पाहत. १९४८ मध्ये ते नॅश-केल्व्हिनेटरमध्ये गेले. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन अचानक वारले आणि सत्तेचाळीस वर्षांच्या रॉम्नी यांच्या गळ्यात ही नवी, आजारी कंपनी पडली.

किती आजारी? १९५६ साली जवळजवळ दोन कोटी डॉलर तोटा! समोर जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर. त्या काळच्या गाड्या तुम्ही डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये पाहिल्या असतील. बोटीएवढ्या लांब, मागे माशासारखे पर, चकचकीत क्रोम. प्रत्येक जण आणखी मोठी गाडी काढत होता. रॉम्नी यांनी उलटा डाव टाकला. नॅश आणि हडसन ही जुनी नावं १९५७ मध्ये बंद केली आणि सगळं बळ 'रॅम्बलर' या छोट्या गाडीमागे लावलं. भाषणांतून आणि जाहिरातींतून ते बड्या गाड्यांना पेट्रोल पिणारे डायनोसॉर म्हणत हिंडले. गिऱ्हाइकाला ते सरळ विचारत, की दुकानातून पावाची लादी आणायला एवढं अवजड धूड कशाला हवं?

१९५८ साली मंदी आली. बाकीच्यांची विक्री आपटली आणि रॅम्बलरची वाढली. १९५९ मध्ये कंपनीला सुमारे सहा कोटी डॉलर नफा झाला आणि 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर रॉम्नी झळकले. १९६१ मध्ये रॅम्बलर अमेरिकेत खपात तिसऱ्या क्रमांकाला पोचली.

मला त्यांच्या दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक म्हणजे, शेअरचा भाव चढल्यानं ते श्रीमंत झाले खरे, पण पगार आणि बोनस फार होतोय असं वाटलं की ते जादाचे पैसे नाकारत. पाच वर्षांत असे २ लाख ६८ हजार डॉलर त्यांनी घेतले नाहीत. दुसरी म्हणजे, १९६१ साली त्यांनी कामगार संघटनेशी नफ्यात वाटा देण्याचा करार केला. मोटारीच्या धंद्यात तेव्हा हे नवलच होतं. पुढे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहताना त्यांनी एका वर्षाचं नव्हे, तर बारा वर्षांचं आयकर विवरण लोकांसमोर ठेवलं. तेव्हापासून उमेदवारांना हा प्रश्न विचारला जातो. खुद्द त्यांच्या मुलालाही २०१२ मध्ये वडिलांचं उदाहरण देऊन विचारला गेला!

आता राजकारण. त्या वेळी मिशिगन सरकारची तिजोरी रिकामी आणि विधिमंडळ ठप्प. रॉम्नी यांनी १९५९ मध्ये पक्षबाह्य नागरिकांची एक चळवळ उभी केली. त्यातून राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी परिषद भरली आणि ते तिचे एक उपाध्यक्ष झाले. ती घटना लोकांनी १९६३ मध्ये मंजूर केली. गव्हर्नरपदासाठी उभं राहावं की नाही, हे ठरवायला त्यांनी १९६२ च्या फेब्रुवारीत चोवीस तास उपवास आणि प्रार्थना केली. (आपल्यासारखा साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास नव्हे!) नोव्हेंबरमध्ये सुमारे ऐंशी हजार मतांनी निवडून आले. रिपब्लिकन पक्षाचा गव्हर्नर राज्याला चौदा वर्षांनी मिळाला. १९६४ मध्ये जॉन्सन यांनी मिशिगनची दोन तृतीयांश मतं नेली, तरी त्याच मतदारांनी रॉम्नी यांना पुन्हा निवडलं. आपल्या पगारातून कापला जाणारा राज्याचा आयकर ही त्यांचीच देणगी. ऑक्टोबर १९६७ मध्ये सुरू झाला तेव्हा दर २.६ टक्के होता. ही बातमी कुणाला गोड वाटणार? पण तिजोरी भरायची तर कर द्यावा लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

इथपर्यंत ही एका यशस्वी माणसाची गोष्ट झाली. तिचा माझ्याशी संबंध येतो तो घरांच्या प्रश्नात.

लेक सेंट क्लेअरच्या काठावरचं ग्रोस पॉइंट तुम्हाला माहीत असेल. उन्हाळ्यात पाहुणे आले की तिथले वाडे दाखवायला आपण नेतो. १९६० साली उघडकीला आलं, की तिथं घर घेऊ पाहणाऱ्यांना घरांचे दलाल आणि रहिवाशांची संघटना चोरून गुण देत होती. खासगी गुप्तहेर पाठवून अहवाल मागवत. राहणी 'अमेरिकन' आहे का? वर्ण सावळा आहे का? बोलण्यात हेल आहे का? मित्रमंडळी कोणत्या प्रकारची? पोलिश माणसाला पास व्हायला शंभरात ५५ गुण लागत, ज्यू माणसाला ८५. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांना परीक्षेलाच बसता येत नसे.

हे वाचताना मी मुलीला म्हटलं, "बघ, आपल्याला पेपरसुद्धा मिळाला नसता." ती हसली नाही.

२९ जून १९६३ रोजी याच ग्रोस पॉइंटमध्ये घरांच्या भेदभावाविरुद्ध मोर्चा निघाला आणि गव्हर्नर रॉम्नी त्यात चालले. श्रीमंत गोऱ्यांची वस्ती, म्हणजे त्यांच्याच पक्षाचे मतदार. त्यांच्या स्वतःच्या पंथातही कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत पौरोहित्याचा अधिकार नव्हता, आणि १९६४ मध्ये पंथातल्या एका ज्येष्ठ धर्मगुरूनं त्यांना पत्र लिहून नाराजी कळवली होती. रॉम्नी यांनी पंथ सोडला नाही आणि आपलं म्हणणंही सोडलं नाही.

मला इथं आपल्या वर्ध्याचे जमनालाल बजाज आठवले. तेही व्यापारी, तेही राष्ट्रीय नेते, वर्षानुवर्षं काँग्रेसचे खजिनदार. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडलं, तेव्हा विरोध करणारे त्यांचेच जातभाई होते. दुसऱ्याच्या दाराबद्दल व्याख्यान देणं सोपं. या दोघांनी आपल्या माणसांच्या दाराला हात घातला.

२३ जुलै १९६७ च्या पहाटे डेट्रॉइटमध्ये बाराव्या रस्त्यावरच्या एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर पोलिसांची धाड पडली आणि दंगल पेटली. पाच दिवसांत ४३ माणसं मेली, सात हजारांवर लोकांना अटक झाली. रॉम्नी यांनी राज्याचे नॅशनल गार्ड उतरवले, ते पुरेनात म्हणून केंद्राकडे लष्कर मागितलं. मागणीचे शब्द कायद्यात बसतात की नाही यावर जॉन्सन सरकारशी घोळ झाला. हे दोघं पुढच्या निवडणुकीतले संभाव्य प्रतिस्पर्धी होते, हेही त्यामागे होतंच. दंगलीनंतर लोक म्हणत होते, आणखी कडक पोलीस हवेत. रॉम्नी म्हणत राहिले, की माणसाला हवं तिथं घर घेता आलं पाहिजे. तसा राज्याचा कायदा १९६८ मध्ये झाला.

त्याच सुमारास ते राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले. जन्म मेक्सिकोतला, मग हे चालतात का, असा वादही झाला. पण घात झाला एका शब्दानं. १९६५ मध्ये ते व्हिएतनामला जाऊन आले होते आणि युद्धाला पाठिंबा देत होते. १९६७ च्या ऑगस्टअखेर डेट्रॉइटच्याच चॅनेल ५० वर लू गॉर्डन यांना मुलाखत देताना ते म्हणाले, की तिथल्या सेनापतींनी आणि मुत्सद्द्यांनी आपलं ब्रेनवॉशिंग केलं होतं, आता आपल्याला हे युद्ध गरजेचं वाटत नाही. आपण फसलो होतो, अशी सरळ कबुली! देश हसला. ज्या माणसाला कोणीही बनवू शकतं, तो राष्ट्राध्यक्ष कसला? २८ फेब्रुवारी १९६८ ला, पहिल्या प्राथमिक निवडणुकीआधीच, त्यांनी माघार घेतली. युद्ध १९७५ पर्यंत चाललं.

मी कन्सल्टंट माणूस. क्लायंटला न आवडणारं किती सांगायचं, यावरच माझं पोट. त्यामुळे मी या माणसाचा हिशेब असा मांडला. तुमची बोटीएवढी गाडी मूर्खपणाची आहे, असं रॉम्नी यांनी सगळ्या देशाला सांगितलं. शंभरातल्या सहा-सात जणांना पटलं. तेवढ्यावर कंपनी तरली आणि ते हिरो झाले. राजकारणात तेवढ्यानं भागत नाही. तिथं शंभरातल्या एक्कावन्न जणांना पटावं लागतं. माणूस तोच, बोलणं तसंच. बाजार बदलला.

१९६९ मध्ये निक्सन यांनी त्यांना गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्री केलं. तिथंही त्यांनी तेच धरलं. ज्या उपनगरांना केंद्राचे पैसे हवेत, त्यांनी गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना दारं उघडावीत. १९७० मध्ये गाठ पडली वॉरेनशी. जनरल मोटर्सचं टेक सेंटर असलेलं वॉरेन, जिथं आपली कितीतरी मंडळी नोकरी करतात! गावाची वस्ती पावणेदोन लाखांच्या पुढे, कारखान्यांत कृष्णवर्णीय कामगार भरपूर, पण गावात राहणारी त्यांची घरं अगदी तुरळक. जुलैमध्ये रॉम्नी स्वतः वॉरेनला आले, तर जमावानं त्यांची हुर्यो उडवली. नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून केंद्राची ती पैशांची योजनाच नाकारली. पैसे नकोत, पण ते शेजारी नकोत! निक्सन यांनीही हात वर केले. १९७३ च्या जानेवारीत रॉम्नी मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

त्यांना देव करायचं कारण नाही. त्यांच्याच खात्याच्या गृहकर्ज योजनांत दलालांनी आणि लाचखाऊ मूल्यमापकांनी हात धुऊन घेतले. मोडकी घरं गरिबांच्या गळ्यात मारली गेली, हप्ते थकले आणि डेट्रॉइटमध्ये हजारो घरं ओस पडली. आपण आज फ्रीवेवरून पाहतो त्या उजाड गल्ल्यांच्या कारणांत हेही एक आहे.

पत्नी लिनोर १९७० मध्ये सिनेटसाठी उभ्या राहिल्या आणि फिलिप हार्ट यांच्याकडून हरल्या. हे हार्ट म्हणजे ज्या १९६५ च्या कायद्यानं भारतीयांना या देशाचं दार उघडलं, त्या कायद्याच्या नावातले हार्ट. म्हणजे आपल्याला देशात घेण्यासाठी झटणारा आणि आपल्याला गल्लीत घर मिळावं म्हणून झटणारा, दोघंही मिशिगनचेच, आणि दोन वेगळ्या पक्षांचे.

आता माझी फजिती. आमच्या घराजवळच्या मोकळ्या जागेवर भाड्याच्या घरांचा प्रकल्प येणार, अशी बातमी आली. एका शनिवारी शेजारी विरोधाचं निवेदन घेऊन आले. मी गवत कापत होतो. मशीन बंद न करताच सही केली. मुलीनं खिडकीतून पाहिलं. रात्री प्रोजेक्टचे कागद पसरलेले असताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही सही का केली?" मी म्हटलं, ट्रॅफिक वाढेल, शाळेत गर्दी होईल. ती म्हणाली, "वॉरेनचे लोकसुद्धा हेच म्हणत असतील ना?"

मी गप्प बसलो, कारण मला तेवीस वर्षांपूर्वीचं पुणं आठवलं. पहिली नोकरी होती. मी आणि माझा कॉलेजमधला मित्र खोली शोधत होतो. एका वाड्यात घरमालकीणबाईंनी चहा दिला, दोघांची आडनावं विचारली, आणि जाताना मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही एकटे राहणार असाल तर बघा." मित्रानं ते ऐकलं. मी आठवडाभर तळमळलो आणि मग ती खोली घेतली. जागा मोक्याची होती, भाडं कमी होतं. मित्र पुढे माझ्या लग्नालाही आला. त्या खोलीत मात्र तो कधी आला नाही. ग्रोस पॉइंटची ती गुणपत्रिका मला इतकी चांगली कळली, ती त्यामुळेच. आमच्याकडे कागद लागत नसे. आडनावावर काम भागत होतं.

नोव्हाय १९६९ साली शहर झालं, म्हणजे ज्या वर्षी रॉम्नी मंत्री झाले त्याच वर्षी. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ६६,२४३ भरली, आणि त्यात साधारण चतुर्थांश आपण आशियाई. वेंकटेश्वराचं देऊळ आहे, गणपती वाजतगाजत येतात. हे सगळं आपल्या हुशारीनं झालं, असं आपण पार्टीत म्हणतो. आपल्या आधी कुणीतरी शिव्या खाऊन दार ढकललं होतं, हे कुठल्या पार्टीत निघत नाही.

सोमवारी मी शेजाऱ्यांना सांगून माझं नाव काढून घेतलं. ते जरा दुखावले. नंतर सभेला गेलो, तिथं रस्ता रुंद होणार का आणि शाळेचे वर्ग वाढणार का, एवढंच विचारलं. ट्रॅफिक खोटी नाही, गर्दीही खोटी नाही. पण तिथं राहायला येणार कोण, हा प्रश्न माझा नाही. सभेत मी एवढं बोललो, त्याला फार मोठं धाडस म्हणता येणार नाही. घरी आल्यावर मित्राला पुण्याला फोन लावला. त्या खोलीबद्दल आम्ही पहिल्यांदाच बोललो. तो म्हणाला, "अरे, आता कशाला?" आणि मग तासभर बोलत राहिला.

जॉर्ज रॉम्नी २६ जुलै १९९५ रोजी ब्लूमफील्ड हिल्सच्या घरी, सकाळचा व्यायाम करता करता गेले. वय ८८. प्लिमथ रोडवरची ती मनोऱ्याची इमारतही आता पाडली गेली. पण ते स्वतः आपल्या अगदी जवळ आहेत. आय-९६ नं पश्चिमेला गेलं की ब्रायटन लागतं, तिथल्या फेअरव्ह्यू दफनभूमीत. केन्सिंग्टन पार्कला मंडळाची पिकनिक असते, तिथून हे अंतर मोजून काही मिनिटांचं. मागच्या पिकनिकनंतर आम्ही तिघं तिकडे वळलो. डबे रिकामे झाले होते, डिकीत फक्त क्रिकेटची बॅट आणि उरलेली भेळ. मुलीनं प्रोजेक्टसाठी फोटो काढला. प्रोजेक्ट तोवर देऊनही झालं होतं, तरी काढला.

पुढच्या पिकनिकला कुणाला यायचं असेल तर सांगा. गाडीत दोन जागा आहेत.